विज्ञानाने सृष्टिकर्ता सिद्ध केला काय?



दीक्षा घेऊन घरी परतलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षा-दोन वर्षांत जे प्रश्न ऐकावे लागतात, त्यांतील एक प्रश्न अलीकडे नवा वेष घेऊन दारात उभा राहू लागला आहे. पूर्वी शेजारीपाजारी विचारीत, "देव टाकलेत, आता संकटात कोणाचे नाव घ्याल?" आता सौम्य बोलणारे, सुशिक्षित ख्रिस्ती प्रचारक येतात, पुस्तिका हाती देतात आणि म्हणतात, "तुम्ही सोडलेले देव खोटे होते, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु या विश्वाला एक कर्ता आहे, आणि ती आता नुसत्या श्रद्धेची बाब राहिलेली नाही. विज्ञानानेच ती सिद्ध केली आहे. तुमच्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांची नावे आहेत. आमच्या आकाशातील पित्याचे नाव त्यांत कोठे आहे?"

नाव नाही, हे खरे आहे. त्या प्रतिज्ञा ज्या समाजासाठी होत्या त्या समाजाच्या मानेवर जे जोखड होते, तेच त्यांनी नावानिशी उतरविले. परंतु १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नव्हे, हे स्वतंत्र प्रकरण करून सांगितले आहे, आणि तेथे ईश्वर कोणत्या धर्माचा असा भेद त्यांनी केलेला नाही. तेव्हा आपली भूमिका काय, याविषयी संदेह नाही. प्रश्न एवढाच उरतो की, ती भूमिका बुद्धीच्या कसोटीला उतरते की नाही. 'बाबासाहेबांनी सांगितले म्हणून' एवढेच उत्तर जो देईल तो बाबासाहेबांनाच उणेपणा आणील. म्हणून प्रचारकाचा युक्तिवाद जसा आहे तसा समोर ठेवून तपासणे हे आपले कर्तव्य आहे.

त्या युक्तिवादाचे मूळ घड्याळात आहे. १८०२ साली विल्यम पेली या इंग्लंडमधील धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथात असे मांडले की, माळरानावरून जाताना पायाला दगड लागला तर तो तेथे कसा आला याचा आपण फारसा विचार करीत नाही. परंतु घड्याळ सापडले, तर त्यातील चाके आणि कमानी एका हेतूने जुळविलेल्या पाहून ते घडविणारा कोणी कारागीर असलाच पाहिजे असे आपण म्हणतो. मग माणसाचा डोळा तर घड्याळाहून कितीतरी अधिक गुंतागुंतीचा. त्याचा कारागीर का नसावा? आजच्या पुस्तिकांत डोळ्याच्या जागी पेशी असते, पेशीच्या जागी जनुकांची सांकेतिक लिपी असते. पण सांगाडा पेलीचाच आहे.

वाचकहो, हा सांगाडा आपल्या देशाला नवा नाही. न्यायदर्शनाच्या पंडितांनी तो शतकानुशतके वापरला. घट आहे, त्याअर्थी कुंभार आहे. पृथ्वी, पर्वत, वृक्ष हीही कार्येच आहेत, त्याअर्थी त्यांचाही कर्ता ईश्वर आहे, असे ते म्हणत. आणि त्यांना उत्तर कोणी दिले? बौद्ध आचार्यांनी! सुमारे सातव्या शतकात आचार्य धर्मकीर्तीने 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथात त्यांना वारुळाची आठवण करून दिली. त्याचे म्हणणे असे की, घट मातीचा आहे आणि तो कुंभाराने केला, एवढ्यावरून जर मातीची प्रत्येक वस्तू कुंभाराने केली असे ठरवावयाचे असेल, तर वारूळदेखील मातीचेच आहे. तेही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. घटावरून आपण कुंभाराचे अनुमान करतो ते घट सुबक आहे म्हणून नव्हे. कुंभाराला चाकावर घट करताना आपण पाहिलेले असते म्हणून. पर्वत करताना कोणाला कोणी पाहिले आहे? 'आकार' हा एक शब्द दोन्ही ठिकाणी लावला म्हणून दोन्ही वस्तू एका जातीच्या होत नाहीत.

हे उत्तर नालंदेच्या परंपरेतील आहे आणि ते पेलीच्या आधी हजार वर्षांहून अधिक काळ दिले गेले आहे. इंग्रजी मुलखातही डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने पेलीच्या पूर्वीच अशीच शंका काढली होती. त्याचे ते संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. त्याने आणखी एक प्रश्न विचारला. घर किंवा जहाज पुष्कळ कारागीर मिळून बांधतात. मग जगाच्या रचनेवरून कारागीर एकच होता हे कसे ठरले? अनेक असतील, नवशिके असतील, एव्हाना मेलेही असतील! युक्तिवाद मान्य केला तरी त्यातून बायबलातील पिता निघत नाही. त्याला निराळ्या दाराने आणावे लागते.

तरीही डोळा उरतोच. तो कसा झाला? या प्रश्नाला १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनने उत्तर दिले. हा डार्विन केंब्रिजला शिकत असताना पेलीचे ग्रंथ वाचून भारावून गेलेला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याचे उत्तर समजावयास विदर्भातील शेतकऱ्याला पुस्तकाची गरज नाही. आपल्याकडे २००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीला मारक असे विष त्या झाडातच होते. अळ्या मेल्या, परंतु लक्षावधी अळ्यांत थोड्या अशा होत्या की, ज्यांना जन्मजात फरकामुळे ते विष बाधले नाही. त्या जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीची जी दैना केली, ती पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या अळीला विष पचविण्याची शक्ती कोणी योजून दिली काय? फरक आपोआप उपजतात, परिस्थिती त्यांतील काही टिकविते, बाकीचे पुसून टाकते. प्रचारक म्हणतील, हा बदल लहान आहे. होय, पंधरा वर्षांचा आहे म्हणून लहान आहे. डोळ्याला कोट्यवधी वर्षे मिळाली. निव्वळ प्रकाश ओळखणाऱ्या ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंतच्या मधल्या पायऱ्या आजही निरनिराळ्या प्राण्यांत जिवंत दिसतात.

डार्विनला जे खुपत होते ते मात्र निराळेच होते. १८६० साली एसा ग्रे या आपल्या ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने सुरवंटाच्या जिवंत देहात आपली पिल्ले पोसणाऱ्या गांधीलमाश्यांचा उल्लेख केला; दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे हेतुपुरस्सर निर्माण केले असेल, असे आपल्या मनाला पटत नाही, असे त्याने कळविले. रचनेचा पुरावा मानावयाचा, तर या माशीचीही रचना मानली पाहिजे. फुलपाखराचे श्रेय देवाला आणि माशीचे निसर्गाला, असा हिशेब चालणार नाही.

अमेरिकेत या वादाचा निकाल न्यायालयातही लागला आहे. तेथे १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने बायबलप्रणीत सृष्टिनिर्मिती सरकारी शाळांत विज्ञान म्हणून शिकविण्याची सक्ती घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर तेच म्हणणे 'बुद्धिपूर्वक रचना' या नावाने पुढे आले. कर्त्याचे नाव घ्यावयाचे नाही, फक्त 'कोणीतरी बुद्धिमान रचनाकार' म्हणावयाचे! मायकेल बेही या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये जिवाणूच्या शेपटीसारख्या कशाभिकेचा दाखला दिला. तिचा एक भाग काढला तर ती चालत नाही, म्हणून ती टप्प्याटप्प्याने झालीच नसेल, असे त्याचे म्हणणे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर गावच्या शाळामंडळाने हा विचार विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचे ठरविले, तेव्हा अकरा पालक न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने साक्ष देण्यास केनेथ मिलर हे जीवशास्त्रज्ञ उभे राहिले, आणि ते स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत. त्यांनी दाखविले की, कशाभिकेचे काही भाग निराळ्या जुळणीने दुसऱ्याच कामासाठी जिवाणूंत वापरले जातात. ज्या पाठ्यपुस्तकाची शिफारस झाली होती त्याचे जुने खर्डे न्यायालयात आले, तेव्हा असे आढळले की, १९८७ च्या निकालानंतर 'निर्मितिवादी' हा शब्द खोडून त्या जागी 'रचनावादी' हा शब्द घालण्यात आला होता, आणि एके ठिकाणी घाईत दोन्ही शब्दांची खिचडी तशीच राहून गेली होती. डिसेंबर २००५ मध्ये न्यायमूर्ती जोन्स यांनी हे विज्ञान नव्हे, असा निर्णय दिला. आपल्याकडे येणाऱ्या पुस्तिकांत कशाभिका असते. हा निकाल मात्र आमच्या पाहण्यात तरी त्यांत आलेला नाही.

आता दुसरा मोठा दाखला घेऊ. विश्वाला आरंभ आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी ते अत्यंत दाट आणि तप्त अवस्थेतून प्रसरण पावू लागले. जे सुरू होते त्याला कारण असते. म्हणून ते कारण देव, असे सांगितले जाते. गंमत अशी की, हा सिद्धान्त ज्याने प्रथम मांडला तो जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरूच होता. १९२७ मध्ये त्याने प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित मांडले आणि १९३१ मध्ये एका आद्य अणूपासून विश्व उलगडल्याची कल्पना पुढे ठेवली. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या शोधाने सृष्टिनिर्मितीला जणू पुष्टीच मिळाली, असे भाषण केले. लमेत्रला आनंद व्हावयास हवा होता; तो अस्वस्थ झाला! आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे. श्रद्धावंत आणि नास्तिक दोघांनाही तो सारखाच खुला आहे, अशी त्याची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहाशयांनी तो दावा पुन्हा केला नाही. झगा घालणाऱ्या या गणितज्ञाने जो संयम दाखविला, तो आजचे प्रचारक दाखवितील तर किती बरे होईल.

त्याच्या संयमाला कारण होते. विज्ञानाच्या आजच्या अज्ञानात देवाला आसन दिले, तर उद्या ज्ञान आले की त्याला तेथून उठवावे लागते. विजेच्या कडकडाटातून तो उठला, देवीच्या रोगातून उठला. महास्फोटाच्या अगदी पहिल्या क्षणी आजचे भौतिकशास्त्राचे नियमच अपुरे पडतात. 'त्यापूर्वी काय' या प्रश्नाला आज प्रमाणित उत्तर नाही. 'उत्तर नाही' याचा अर्थ 'उत्तर देव' असा होत नाही. आणि प्रत्येक गोष्टीला कर्ता हवा असेल, तर कर्त्याला कर्ता का नको, हा आपल्या मुलांचा प्रश्न पंडितांनी कितीही पोरकट ठरविला तरी तो बिनतोडच आहे.

गुरुत्वाकर्षणादी शक्तींची मूल्ये किंचित् निराळी असती तर तारे झाले नसते, जीवसृष्टी झाली नसती, म्हणून ती मूल्ये कोणीतरी जुळविली, असाही एक दाखला आहे. हा प्रश्न खरा आहे आणि शास्त्रज्ञांत तो मोकळा आहे. परंतु नदीकाठी गाव वसले म्हणून नदी त्या गावासाठी खोदली होती असे कोणी म्हणत नाही.

येथे प्रचारक शेवटचा पेच टाकतात: देव नको म्हणता, मग सारे योगायोगाने झाले म्हणा! वाचकहो, या पेचात अडकू नका, कारण भगवान बुद्धांनी दोन्ही बाजू नाकारल्या आहेत. अंगुत्तर निकायात तीन मतांची तपासणी आहे. सर्व काही पूर्वकर्माने घडते हे एक, ईश्वराच्या निर्मितीने घडते हे दुसरे, आणि अकारण घडते हे तिसरे. तिन्ही मते तथागतांनी एकाच कसोटीवर नाकारली. ईश्वरनिर्मितीनेच सर्व घडत असेल, तर खून करणारा, चोरी करणारा, खोटे बोलणारा हेदेखील ईश्वरामुळेच तसे झाले. मग 'हे करावे, हे करू नये' या उपदेशाला जागा कोठे राहिली? गोष्टी कारणांनी होतात, कारणे पालटली की पालटतात, हा प्रतीत्यसमुत्पाद होय. त्यात योगायोगाची मनमानी नाही आणि कर्त्याची मर्जीही नाही. ज्या माणसाची स्थिती कारणांनी झाली आहे, त्याला ती कारणे मोडता येतात. ज्याची स्थिती कर्त्याने योजली आहे, त्याने हात जोडून उभे राहावयाचे.

आणि आपण हात जोडून किती काळ उभे होतो, ते आठवा! हा प्रश्न आपल्या दृष्टीने दिवाणखान्यातील चर्चेचा नाही. आद्यपुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र झाले, ही 'सृष्टीची रचना' होती. चार वर्ण आपणच निर्मिले, असे गीतेतील भगवान सांगतो. गावाबाहेरचा महारवाडा, तुटलेला पाणवठा, ओढावे लागलेले मेलेले ढोर, ही सारी व्यवस्था कोणीतरी योजलेली आहे आणि जेथे व्यवस्था आहे तेथे व्यवस्थापक आहे, हाच युक्तिवाद आपल्या आज्यापणज्यांना ऐकविला गेला. ख्रिस्ती बांधव त्याच युक्तिवादातून उलट निष्कर्ष काढतात, सर्व माणसे एका पित्याची लेकरे म्हणून समान. निष्कर्ष आम्हाला प्रिय आहे. परंतु एकाच पुराव्यातून समताही निघते आणि चातुर्वर्ण्यही निघते, तेव्हा त्या पुराव्यात दोहोंपैकी काहीच नव्हते. ज्याने त्याने आपापल्या घरून ते आणले, असेच म्हटले पाहिजे. समतेसाठी निर्मात्याचे जामीनपत्र लागत नाही. बाबासाहेबांनी बुद्ध निवडला तो याचसाठी.

यावर आपल्याला महात्मा फुल्यांचा दाखला दिला जाईल, आणि तो गंभीर आहे. बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक असलेल्या जोतीरावांनी 'निर्मिक' मानला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, टॉमस पेनच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्क देणारा एकच निर्मिक आहे. हे झाकण्याचे कारण नाही. परंतु जोतीरावांचा निर्मिक भट मागत नाही, अवतार घेत नाही, कोणत्याही एका ग्रंथात स्वतःला कोंडून घेत नाही आणि तारणासाठी कोणा पुत्रावर विश्वास ठेवा असेही म्हणत नाही. ब्राह्मणांच्या देवाला पदच्युत करण्यासाठी त्या काळी हाती असलेले सर्वांत धारदार हत्यार त्यांनी उचलले. बाबासाहेबांनी गुरूचा हेतू घेतला, हत्यार बदलले. शिष्याने गुरूपासून भिन्न मत ठेवणे हा गुरूचा अवमान नव्हे. जोतीरावांनी तर तो मुळीच मानला नसता.

एक गोष्ट आम्हाला स्पष्टपणे सांगावयाची आहे. युक्तिवाद फेटाळताना माणूस फेटाळू नका. ज्या काळी आपल्या मुलांना शाळेच्या ओसरीवरही कोणी बसू देत नव्हते, त्या काळी मिशनऱ्यांनी अहमदनगरपासून मिरजेपर्यंत शाळा आणि दवाखाने उघडले, हे ऋण आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या मागेही जात लागून राहिली, हे बाबासाहेबांनी लिहिले आहे. तो दोष दाखवितानाही हे ऋण विसरता येत नाही. शिवाय आपल्या दारात पुस्तिका घेऊन येणाऱ्याचा हक्क आणि नागपूरच्या मैदानावर दीक्षा देणाऱ्या बाबासाहेबांचा हक्क हे संविधानाच्या एकाच पंचविसाव्या कलमातले आहेत. काही गावांत ख्रिस्ती प्रचारकांना घेरून पोलिसांच्या हवाली करण्याचे प्रकार घडतात. आपल्या तरुणांनी त्यांत सामील होणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणे होय. गुजरातेत ८ एप्रिल २०२४ च्या सरकारी परिपत्रकाने हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जाणाऱ्यालाही धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. जो कायदा शेजाऱ्यासाठी म्हणून वाजतगाजत येतो, तो आपल्या घराचा पत्ता विचारायला फार दिवस लावीत नाही.

प्रचारकाला बसावयास द्या, पाणी द्या, पुस्तिका वाचा, आणि वारुळाचा प्रश्न विचारा. घरात आजारपण असेल आणि तो प्रार्थना करू इच्छीत असेल, तर त्याच्या सद्भावनेबद्दल आभार माना. परंतु औषध डॉक्टरांचे घ्या, आणि अडचणीच्या दिवसांत मुलाबाळांच्या मनावर भीतीचे ओझे घालू देऊ नका. शाळेत जाणाऱ्या मुलीने 'जग कोणी केले?' असे विचारले, तर 'कोणी केले' हे त्या प्रश्नातच गृहीत धरलेले आहे, एवढे तिला दाखवून द्या आणि 'कसे झाले' असा प्रश्न करावयास शिकवा. त्याचे उत्तर आपल्याला येत नसेल तर तिच्याबरोबर वाचा.

हीच शिस्त आपल्यालाही लागू आहे. आपल्या काही उत्साही बांधवांनी अलीकडे असे लिहावयास आरंभ केला आहे की, भगवान बुद्धांनी अणुविज्ञान सांगून ठेवले होते, सापेक्षतावाद पिटकांत आहे, महास्फोटही सुत्तांत सापडतो. हे पेलीचेच घड्याळ, फक्त काटे आपले! बुद्धाने दुःख आणि दुःखाचा निरोध शिकविला. प्रयोगशाळा चालविली नाही. असे लेख या पाक्षिकाकडे दर पंधरवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि ते आम्ही साभार परत पाठवितो.